राखणदाराची मूळ जागा

कायद्याच्या राज्यात कुणीही बेवारस नसतं. भांडुपच्या डोंगरावरच्या तळेकर चाळीमागची भिंत मात्र होती.

डोंगराची माती अडवायला बांधलेली ही भिंत दर पावसाळ्यात थोडी पुढे यायची, निवृत्त माणसाचं पोट सुटावं तशी. त्या पोटाखाली पहिलं घर विनिताचं. विनिता मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, सोनूबाई. सोनूबाईंचा मुलगा गेल्यापासून दोघीच. नातेवाईक होते, ते आग्रहाने “कधीही या गं” म्हणायचे, आणि कधी येऊ विचारलं की त्यांचं नेटवर्क जायचं.

विभाग कार्यालयातला अभियंता केतन हिवाळ्यात येऊन भेगेवर प्लास्टरची पट्टी लावून गेला होता. पट्टी तुटली, तर भिंत सरकतेय असं समजायचं. पट्टी तुटली. त्याने दुसरी लावली. तीही तुटली.

“आता तिसरी नको साहेब,” विनिता म्हणाली, “आता भिंतच लावा.”

केतन भला माणूस होता. त्याने खरोखर काम मंजूर करून आणलं. मे महिन्यात रेती आली, सिमेंटच्या गोणी आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ हद्द-दुरुस्तीचा कायदा आला.

कायदा निव्वळ तांत्रिक होता. जुन्या कायद्यांत हद्दी ‘चिंचेच्या झाडापासून विहिरीपर्यंत’ अशा लिहिलेल्या. चिंचा तुटल्या होत्या, विहिरींवर टॉवर उभे राहिले होते. तेव्हा अशा सगळ्या खुणा काढून तिथे अक्षांश-रेखांश घालायचे, एवढंच. शेवटी एक कलमही होतं, की या दुरुस्तीने कुणाच्याही परिस्थितीत कोणताही बदल होणार नाही. दुसऱ्या दिवशी रेती परत ट्रकमध्ये भरली गेली.

विनिता हाफ डे टाकून विभाग कार्यालयात गेली.

“ताई, भिंत आता आमच्यात येत नाही,” केतन म्हणाला. “डोंगर-उतार विशेष क्षेत्रात गेली.”

“भिंत कुठेही गेली नाहीये. माझ्या न्हाणीघरावर वाकून उभी आहे.”

“तशी नाही हो. हद्दीने गेली. जुन्या कायद्यात काय होतं, राखणदाराच्या दगडापासून सरळ नाल्यापर्यंत. मोजणीवाले आले, त्यांनी दगड मोजला. दगड निघाला भिंतीच्या पायाशी.”

दगड भिंतीच्या पायाशी कसा गेला, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं.

राखणदार म्हणजे चाळीच्या तोंडाशी असलेला शेंदरी दगड. मालवणाकडून आलेल्या पहिल्या घरांनी तो बसवला, वेशीवर नजर ठेवायला. काही वर्षांपूर्वी तिथे बाइक लावायला जागा कमी पडू लागली. देवाला छप्परही हवं होतं, आणि भिंतीला टेकवलं की एक बाजू फुकटात मिळत होती. रीतसर कौल घेतला, देवाने उजवा दिला, आणि दगड भिंतीच्या पायाशी नेऊन भोवती काँक्रीटचा भक्कम चबुतरा घातला. देवाबरोबर सरकारची हद्दही आपण उचलून आणतोय, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“बरं, मग त्या विशेष क्षेत्राचं ऑफिस कुठे आहे?” विनिताने विचारलं.

“हेच.”

“आणि साहेब?”

केतनने मान खाली घातली. “अतिरिक्त कार्यभार माझ्याकडेच आहे. पण विशेष क्षेत्राला अजून कामाची तरतूद नाही, फक्त हद्द आहे. मी विभागातर्फे त्यांना, म्हणजे मलाच, दोन स्मरणपत्रं पाठवलीत.”

“उत्तर काय दिलंत?”

“विचाराधीन आहे, म्हणून.”

विनिता हसली नाही. तिने टेबलाची कड धरली. “साहेब, सासूला उचलायला दोन माणसं लागतात. रात्री भिंत आली तर मी एकटी असते. काहीतरी करा हो. हवं तर पाया पडते.”

केतन उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “रविवारी फेरतपासणी आहे. दगडाची मूळ जागा वेगळी होती, असं जागेवर दिसलं, तर रेघ मागे जाते. म्हणजे दिसलं पाहिजे. मी काही बोललो नाही हं.”

शनिवारी सकाळी अख्खी चाळ भिंतीपाशी जमली. दगड हलवायचा तर कौल हवाच. गाऱ्हाणं घालायचा मान शिवदासकाकांचा. ते बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नव्हता.

“बा देवा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चाळ ओरडली.

“आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. कायद्यात जो काय अक्षांश-रेखांशाचो घोळ झालो आसा, तो तुझ्या पायाबुडी घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुका मूळ जाग्यार न्हेतंव. उजवो कौल दी, आणि ह्या सोनूबायच्या घराक सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ओल्या दगडावर तेरड्याच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळे बघत राहिले. कुठलीच पडेना. ऊन वर आलं. शिवदासकाकांनी गाऱ्हाणं पुन्हा घातलं, या वेळी कलम क्रमांकासकट. पाकळ्या हलल्या नाहीत.

“काका, देवाला फॅन लावूया का?” मागून कुणीतरी म्हणालं.

“गप रे! तुझ्या घरावर येतेय काय भिंत?”

डावी पाकळी जराशी सुटल्यासारखी झाली. विनिता पुढे आली, नमस्काराला वाकली, आणि बाळाच्या दंडात सुई घालावी इतक्या हलक्या हाताने तिने बोटाच्या टोकाने उजवी पाकळी सोडवली. पाकळी खाली पडली. ती पाडलेली सगळ्यांनी पाहिली.

मग शिवदासकाका घसा खाकरून म्हणाले, “उजवो दिल्यान.”

“व्हय म्हाराजा,” चाळ म्हणाली. आवाज जरा कमी होता.

पहारी आल्या. चबुतरा फुटायला दुपार झाली. काम पक्कं होतं. त्याला लागलं त्याच्या निम्मं सिमेंटसुद्धा भिंतीला कधी कुणी लावलं नव्हतं. दगड खांद्यावरून चाळीच्या तोंडाशी आला. बाइक हटवल्या, खड्डा खणला, शेंदूर लावला. जागा जुनी दिसावी म्हणून काजळी धरलेली पणतीसुद्धा ठेवली.

रविवारी मोजणीवाले आले. पुनर्स्थापनेच्या पूजेसाठी सोनूबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. नातवंडाच्या बारशाला आल्यासारख्या त्या खूश होत्या.

“विनिता, देव आता बरो दिसता गो,” त्या म्हणाल्या. “थय भितीक टेकून बसलेलो, तेव्हा दमल्यासारखो वाटायचो.”

मोजणीवाल्याने दगडावर यंत्र धरलं, आकडे वाचले. केतनने ते मोबाइलच्या नकाशावर टाकले. रेघ सरकली. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी रंग आला.

“ताई, भिंत आमच्याकडे आली!”

तेवढ्यात वरून आवाज आला. लांबलचक, मोठा नाही. कुणी गोणी ओढत नेत असल्यासारखा. मग धूळ आली. शिवदासकाका धावत वर गेले आणि तितक्याच वेगाने परत आले. चबुतरा फोडला होता तिथूनच भिंत सुटली होती, आणि विनिताच्या घरावर बसली होती.

विनिता जागची हलली नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती.

चाळ आजही सांगते, की देवानेच त्या दिवशी सोनूबाईंना खाली बोलावून घेतलं. पाकळीचा विषय कुणी काढत नाही. केतनने दोन्ही कार्यालयांतर्फे पंचनाम्यावर दोनदा सही केली. नवी रेघ दोघांच्या मधून तिरपी जाते, त्यामुळे भिंत विभागात येते आणि पडलेलं घर विशेष क्षेत्रात. विशेष क्षेत्राला अजून तरतूद झालेली नाही.

विभागाने मात्र दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा बांधली. चांगली जाड आहे. तिच्याखाली कुणी राहत नाही.