पुण्यकाळातली चूल

हिरव्या साडीची घडी इनोकाने मोडली आणि पुन्हा घातली. यंदा पंचांगाने चूल पेटवताना हिरवा रंग आणि दक्षिण दिशा सांगितली होती. साऱ्या लंकेतल्या गृहिणी त्या घटकेला हिरवे नेसून, दक्षिणेकडे तोंड करून नव्या वर्षाचा अग्नी पेटवणार होत्या. इनोका कोणाच्या चुलीपुढे उभी राहणार, हे तिच्या वडिलांनी दारातच विचारले.

“असंकाच्या आईकडे चाललीस?”

“हो, तात्ता.”

“सुटलाय तो आधीच्या लग्नातून?”

“सुटल्यातच जमा. नुसता कागद राहिलाय.”

वडील दारातून बाजूला झाले. मुलगी चौतिशीची, मिळवती; तिला हात धरून थांबवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. परंतु ‘नुसता कागद राहिलाय’ हे शब्द आज किती घरांतून किती सहज उच्चारले जातात, याचा विचार आपण जाणत्या माणसांनी करायलाच हवा.

असंका होड्यांची इंजिने दुरुस्त करी. इनोका वेलिगमच्या चष्म्याच्या दुकानात होती. आईचा मोडलेला चष्मा घेऊन तो आला, तो पुढे कारण नसतानाही येत राहिला. संध्याकाळी दोघे खाडीकाठाने चालत. पाण्यावर पांगाऱ्याची तांबडी फुले तरंगत, पलीकडच्या काठावर कोणीतरी रबानचा मोठा डफ वाजवत असे, आणि त्या ठेक्यावर सारे जग पाण्याखाली गेल्यासारखे मऊ, दूरचे वाटे. त्याने काही लपवले नव्हते, निदान तिला तसे वाटत होते. बायको श्यामली काही वर्षांपासून मुलीला, सेनुलीला, घेऊन माहेरी कंबुरुपिटियाला राहत होती. न्यायालयाचा पहिला निकाल झाला होता. ठराविक मुदतीनंतर तो कायम व्हायचा होता. तोवर कायद्याच्या लेखी श्यामलीच त्याची पत्नी होती. पण खाडीकाठी कायदा कोणाला आठवतो?

ती पोहोचली तेव्हा पुण्यकाळ लागला होता. जुने वर्ष मावळलेले आणि नवे अजून न उगवलेले, अशी ती मधली वेळ. घरोघरच्या चुली विझलेल्या, राख उचललेली, भांडी पालथी. नांगर नाही, शिलाई नाही, फोडणीचा वास नाही. गावच जणू डोळे मिटून, श्वास धरून उन्हात पडले होते. नारळीच्या सावल्यासुद्धा हलत नव्हत्या.

ओसरीवर असंकाची आई सोमावती पांढरी साडी नेसून ताठ बसली होती. इनोकाने वाकून नमस्कार केला. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या काठावर गेली.

“हे हिरवं कशासाठी, पोरी?”

उत्तर असंकानेच दिले. “अम्मा, यंदा चूल इनोका पेटवेल.”

“असं कोणी ठरवलं?”

“मी. आज ना उद्या व्हायचंच आहे की.”

“मग उद्याच होऊ दे.”

कुंपणापलीकडून शेजारीण प्रेमा मान उंचावून डोकावली. “सोमावती अक्के, नवी सून वाटतं?”

“पाहुणी आहे. आणि पुण्यकाळ चाललाय, प्रेमा. जिभेलाही विसावा द्यावा.”

प्रेमाची मान कुंपणाआड गेली. इनोकाचे कान मात्र तापले. “पाहुणी,” ती हळू म्हणाली. “एवढंच ना अम्मा? स्पष्ट सांगा. मी तुमच्या घराला शोभत नाही.”

“शोभतेस म्हणून तर सांगते. बस इथं.” सोमावतीने शेजारी जागा केली. “आत्ता आपली चूल थंड आहे. कोणी मेलंय का त्यानं? अंघोळ करतो, पांढरं नेसतो, विहारात जाऊन बोधिवृक्षाखाली बसतो. पंचांगातली नुसती रेघ आहे, ठेवा भांडं चुलीवर, असं म्हणणारा एक तरी माणूस गावात आहे का?”

“नाही.”

“जुनी राख उचलल्याशिवाय नवा जाळ करायचा नाही, एवढंच त्यात आहे. माझा मुलगा पंचांगातली घटका पाळतो, घड्याळ लावून. पण स्वतःच्या आयुष्यातली पाळायची म्हटली की त्याला ती नुसता कागद वाटते.”

“अम्मा, मी काय पाप केलंय?” असंका चिडला. “श्यामलीचं माझं काही उरलेलं नाही. तिलाही माहीत आहे.”

“प्रेम करण्याला पाप म्हणायला मी इथं बसलेली नाही. पाप दुसरंच आहे.” तिचा आवाज उतरला. “सकाळी सेनुलीचा फोन आला होता. विचारत होती, आच्ची, तात्तांचं इंजिन दुरुस्त होईल का हो संध्याकाळपर्यंत? होडी भर समुद्रात बंद पडली म्हणून ते नवीन वर्षाला येत नाहीत म्हणे. बुद्धाला फुलं वाहून आलीय पोर, इंजिनासाठी.”

इनोकाने असंकाकडे पाहिले. त्याची नजर जमिनीवर होती.

“तू तिला खोटं सांगितलंस?”

“काय सांगणार होतो? आठ वर्षांची आहे.”

“माझ्यासाठी सांगितलंस.”

त्या निश्चल दुपारी इनोकाला एकाएकी दूरचा समुद्र दिसू लागला. त्यात बंद पडलेली, कोणीच नसलेली एक होडी, आणि तिच्यासाठी फुले वाहणारी एक लहान मुलगी. इतके महिने ती ज्या स्वप्नात चालत होती, त्याच्या दुसऱ्या काठावर ही मुलगी उभी होती, आणि तिने एकदाही तिकडे पाहिले नव्हते!

पण भीतीही खरी होती. ती म्हातारीकडे वळली. “अम्मा, मी थांबले, आणि मुदत संपायच्या आत हा परत तिकडे गेला तर?”

“तर गेला.” सोमावतीने शब्द मऊ केला नाही. “एवढ्या मुदतीत जो जातो, तो तू चूल पेटवल्यावरही गेला असता. फक्त तेव्हा त्याच्या राखेसकट तू मागं उरली असतीस, आणि ही प्रेमा कुंपणावरून तुला शिकवायला आली असती. माझा मुलगा आहे म्हणून मी त्याची हमी देणार नाही. पण माझ्या घरात कोणतीही मुलगी चोरवाटेनं यायची नाही, ही हमी माझी.”

इनोकाने हिरव्या साडीचा काठ पिशवीत आत सारला आणि उठली.

“असंका, तू कंबुरुपिटियाला जा. सेनुलीकडे. होडी नव्हती म्हणून सांग. माझं नाव सांग. श्यामलीच्या समोर सांग.”

“आत्ता? आणि तू?”

“मी तात्तांकडे. आमच्याकडेही चूल आहे.”

“इनोका, ती रडेल.”

“रडू दे. खोटी होडी शोधत बसण्यापेक्षा बरं.”

तो मोटारसायकल काढून गेला. वळणावर त्याने मागे पाहिले. इनोकाने हात केला नाही. केला असता तर तो परतला असता, हे तिला ठाऊक होते. सोमावती तिला फाटकापर्यंत पोहोचवायला आली. प्रेमाच्या कुंपणासमोर मुद्दाम थांबून तिने इनोकाचा हात हाती घेतला, आणि म्हणाली, “मुदत संपली की विड्याची पानं घेऊन मी स्वतः तुझ्या वडिलांकडे मागणी घालायला येईन. भर दुपारी, साऱ्या गावासमोरून.”

शुभघटकेला इनोकाने वडिलांच्या घरात चूल पेटवली. नव्या मडक्यातले दूध फेसाळून चारी बाजूंनी ओसंडले, बाहेर फटाके आणि रबान एकदम वाजू लागले, आणि त्या गदारोळात फोन वाजला.

“सांगितलं,” असंका म्हणाला.

“श्यामली?”

“म्हणाली, मला गावाकडून कळलं होतं. तुझ्या तोंडून कधी कळतं, ते बघत होते.”

“आणि सेनुली?”

“झोपाळ्यावर चढून बसलीय. माझ्याशी बोलत नाही. मी खाली बसलोय. ती उतरेपर्यंत बसणार आहे.”

“बस,” इनोका म्हणाली. “घाई करू नकोस.”

वाचकहो, तुटलेल्या संसारातून बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा प्रेम करण्याचा अधिकार आहे. तो नाकारणारा समाज निर्दय होय. परंतु जुने नाते कायद्याने सुटेपर्यंतचा काळ हा रिकामा काळ नव्हे. त्या काळात एक माणूस सुटत असतो, दुसरा सावरत असतो, एखादे मूल वाट पाहत असते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याला तेवढा अवधी द्यावा, आणि आपणही लपून नव्हे, तर उजेडात उभे राहून थांबावे. असे थांबणे हा प्रेमाचा अपमान नसून त्याची पहिली परीक्षा आहे.