सातच्या आधीचं टेबल

गोपाळकृष्ण सरांना फोनवर बोलणं मुळातच आवडत नसे. पेणच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. फोन आला की तपासणीला साहेब आल्यासारखे उभे राहून घ्यायचे आणि दोन वाक्यांत संपवायचे. त्यामुळे गेल्या आठवड्यापासून दुपारचं जेवण झालं की ते मागच्या अंगणात शेवग्याखाली जाऊन अर्धा अर्धा तास बोलायला लागले, तेव्हा त्यांच्या बायकोचं, श्यामलाबाईंचं, कामात लक्ष लागेना.

पुढच्या मंगळवारी मुंबईला जायचं होतं. श्यामलाबाईंच्या तपासणीची छायाचित्रं आधीच काढून झाली होती, डॉक्टर त्यांचा अर्थ सांगणार होते. आणि हे आत्ताच मुंबईचे नंबर लावत होते. एकदा भांडी घासता घासता खिडकीतून त्यांच्या कानावर पडलं, "एवढाच वेळ? त्याच्यापुढे काहीच होऊ शकत नाही का?" मग हळूच, "नाही, तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती यायचीच नाही."

श्यामलाबाईंनी नळ बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

वर्षापूर्वी एका तुटक्या दाढेने त्यांच्या जिभेची डावी कड घासली जाऊन जखम झाली. ती काही भरेना. पेणच्या दातांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि त्याच दिवशी मुंबईची चिठ्ठी दिली. कॅन्सर निघाला. जिभेची ती बाजू काढून टाकली, मनगटाजवळची कातडी घेऊन तिथे लावली आणि वर तीस दिवस किरणांचा शेक. जीव वाचला. बोलणं थोडं जड झालं, पण कळायचं. जेवणाचं मात्र अवघड होऊन बसलं. घास डावीकडे गेला की तिथेच बसे, मान उजवीकडे कलवून, पाण्याचा घोट घेऊन तो ढकलावा लागे. ओठाचा एक कोपरा बधिर, तिथून आमटी ओघळली तरी पत्ता लागत नसे. एका पोळीला पाऊण तास.

दिवाळीत भावाकडे वरशाला, म्हणजे रोह्याला अगदी लागूनच, त्या पंगतीला बसल्या होत्या. समोरचं लहान पोर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. त्याच्या आईने काही न बोलता पोराचं ताट उचललं आणि त्याला दुसरीकडे बसवलं. बस, तेव्हापासून श्यामलाबाई कुणाकडे जेवल्या नाहीत. घरीसुद्धा नवऱ्याला बाहेर वाढायच्या आणि आपण स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. सरांनी दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

तर आता हे फोन. विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. विचारलं की उत्तर मिळणार, आणि ते ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी विचारायच्या ऐवजी एक काम काढलं. कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवायला लागल्या. धणे. जिरे. सोललेले वाल. पोह्याचे पापड. या माणसाला मीठ आणि साखर सोडली तर कुठे काय आहे ते ठाऊक नव्हतं.

"हे काय नवीन?" सरांनी विचारलं.

"काही नाही. विसरायला होतं हल्ली."

मंगळवारी सुलेमानभाई दहाला गाडी घेऊन आले. वीस वर्षं कुवेतला गाडी चालवून गावी परतलेला माणूस. शेकाच्या तीस दिवसांत याच गाडीतून श्यामलाबाईंना त्यांनी नेलं-आणलं होतं. रस्त्यातले खड्डे त्यांना पाठ झाले होते आणि ते आले की "वहिनी, धरून बसा" असं आधी सांगायचे. त्या दिवशी ते फारसं बोलले नाहीत. श्यामलाबाईंना वाटलं, सुलेमानभाईंनासुद्धा माहीत आहे.

दोनची वेळ होती, आत बोलावलं साडेतीनला. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पडद्यावर बघितलं, तोंडात बघितलं, गळा चाचपला, आणि खुर्चीत मागे टेकत म्हणाल्या, "काही नाही. स्वच्छ आहे सगळं. आता सहा महिन्यांनी या."

श्यामलाबाईंनी सरांकडे बघितलं. सर चष्मा पुसत होते.

"नक्की?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "ह्यांना वेगळं काही सांगितलंय का तुम्ही?"

"वेगळं कशाला सांगू? तुमचा रिपोर्ट आहे, तुम्हालाच सांगणार." डॉक्टर हसल्या. "जेवण कसं चाललंय? सगळ्यांबरोबर बसता ना?"

"हो," श्यामलाबाई म्हणाल्या. सर पुन्हा चष्मा पुसायला लागले.

गाडीत बसल्यावर त्यांना वाटलं होतं की छातीवरचा धोंडा उतरेल. अर्धाच उतरला. कारण गाडी पेणला परतायच्या पुलाच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी भलतीकडेच वळली, समुद्राच्या बाजूला, उंच उंच इमारतींकडे.

"अहो, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "अजून कोणाला दाखवायचंय?"

"कोणाला काय दाखवायचंय?"

"मी बहिरी नाही झालेली. आठ दिवस झाडाखाली उभे राहून मुंबईला फोन करताय. एवढाच वेळ, पुढे काही होऊ शकत नाही, तिला सांगितलेलं नाही. सगळं ऐकलंय मी. ह्या बाईंना कळलं नसेल, दुसऱ्या डॉक्टरला कळलं असेल. सांगून टाका, मी घाबरत नाही."

सरांचं तोंड उघडं राहिलं. पुढे बसलेल्या सुलेमानभाईंची मान आधी ताठ झाली, मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"सर, आता सांगा हो," ते म्हणाले. "वहिनींचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुमचं हाय ते गुपितच."

"हॉटेलवाल्यांशी बोलत होतो," सर म्हणाले.

"कोणत्या हॉटेलवाल्यांशी?"

"मोठ्या. त्यांच्याकडे संध्याकाळी लवकर जाणाऱ्यांना सूट असते. साडेपाचला बसायचं आणि सातला टेबल मोकळं करायचं, मग चाळीस टक्के कमी. ह्यांच्या उमामाने सांगितलं." उमामा म्हणजे सुलेमानभाईंची मुलगी, मुंबईत नोकरीला होती. "मी त्याला म्हणत होतो, सातच्या पुढे थोडं बसू द्या. तो नाही म्हणत होता. तेच तू ऐकलंस."

श्यामलाबाई म्हणाल्या, "आणि मी आठ दिवस डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय."

"त्या कशासाठी होत्या?"

"तुमच्यासाठी. मी नसले तर वाल कुठे ते तुम्हाला कळावं म्हणून."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. नंतर त्यांनी तिचा हात धरला, मनगटावर जिथे कातडी काढल्याचा चट्टा होता तिथेच, आणि गाडी थांबेपर्यंत सोडला नाही.

एरवी श्यामलाबाईंनी हॉटेलात पाऊल टाकायला साफ नकार दिला असता. त्यांनी तसा प्रयत्नही केला. पण एवढ्या मोठ्या भीतीतून सुटलेलं माणूस आतून सैल पडतं, हट्ट धरायला लागणारा जोर त्याच्याकडे उरत नाही. "मी नुसती बसेन," एवढंच त्या म्हणाल्या. सुलेमानभाईंना सरांनी पुन्हा पुन्हा आग्रह केला. ते म्हणाले, "आज तुम्ही दोघंच जावा. मी खाली भाच्याला भेटतो, त्याचं दुकान हितंच हाय."

एकोणिसावा मजला. आत चाळीसेक टेबलं असतील आणि माणूस एक नाही. काचेपलीकडे समुद्र, त्यावर अजून भरपूर ऊन. दारातल्या मुलीने नाव विचारलं, यादीत बघितलं आणि त्यांना अगदी कोपऱ्यातलं, एका मोठ्या झाडाच्या कुंडीआडचं टेबल दिलं.

सर हात धुवायला गेले. जाताना खिशातली छोटी वही त्यांनी टेबलावर ठेवली, त्यात लिहिलेला बुकिंगचा नंबर वाढप्याला दाखवायचा होता. श्यामलाबाईंनी ती उघडली. सरांचं फळ्यावरचं ते टपोरं अक्षर. अकरा हॉटेलांची नावं एकाखाली एक, आणि पुढे आखलेले तीन रकाने: वेळ, सूट, माणसं. पन्नास टक्के सूट देणारं एक हॉटेल होतं, त्याच्यापुढे लिहिलं होतं "सहालाच वीस-पंचवीस", आणि नाव खोडलेलं. दुसरं आणखी स्वस्त, त्यापुढे "टेबलं चिकटून", तेही खोडलेलं. एकापुढे "फोनवर उद्धट, घाई करतील". ज्या हॉटेलात त्या बसल्या होत्या त्याची सूट यादीत खालून तिसरी होती. त्यापुढे लिहिलं होतं, "साडेपाचला बहुधा कुणी नसतं. कोपरा देतो म्हणाले."

त्यांनी वही मिटून होती तशी ठेवली. या माणसाने भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घातलेला त्यांनी जन्मभर पाहिला होता.

सर परत आले, बसले. वाढपी आला. सुशील नाव, तिशीचा असेल, मराठीत बोलला. त्याने मेन्यूची दोन जाडजूड पुस्तकं समोर ठेवली. सरांनी ती परीक्षेच्या पेपरासारखी पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

"मऊ काय आहे?" श्यामलाबाईंनी एकदम विचारलं. बोलणं जड होतं, तरी त्याने पुन्हा विचारलं नाही.

"मॅडम, मासा चालतो का? केळीच्या पानात वाफवलेला आहे, काटा नाही. बारामुंडी."

"तो कसा असतो?"

"पांढरा, मऊ. खाडीच्या तोंडाशी मिळतो. मोठा असतो. जिताडा म्हणतात त्याला काही लोक."

दोघं पेणकर एकमेकांकडे बघतच राहिले. "आमच्याकडचा जिताडा?" सर म्हणाले, आणि त्यांनी पुस्तकात त्याची किंमत शोधली. ती सापडल्यावर त्यांनी चष्मा सारखा करून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चाळीस टक्के सोडून ना?"

"हो सर, सोडून."

"मग आण."

पान उघडलं तशी वाफ वर आली. श्यामलाबाईंनी पहिला घास अगदी लहान घेतला, मान उजवीकडे कलवली, पाण्याचा घोट घेतला. गेला. मीठ कमी होतं आणि आंबट काहीतरी होतं, कोकम नव्हे, पण बरं होतं. दुसरा घास. मध्ये ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ आला असावा, कारण सरांनी बोटाने आपल्याच ओठाच्या त्या बाजूला खूण केली, आणि त्यांनी रुमालाने टिपलं. त्याच्यापुढे ती खूण दर थोड्या वेळाने होत राहिली, आणि दोघांचं बोलणं तिच्यामुळे थांबलं नाही.

बोलायला पुष्कळ होतं. दिवाळीपासूनचं साठलं होतं. भिंतीकडे तोंड करून जेवलेल्या प्रत्येक जेवणाचं बोलणं कुठेतरी तुंबून राहिलं होतं. सर म्हणाले, आमटीत तुझ्या हातून मीठ जास्त पडतं हल्ली. त्या म्हणाल्या, मला चव नीट कळत नाही, आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तू आत असायचीस, कुणाला सांगू? मग शेजारच्यांच्या पडवीचा विषय निघाला, मग भावाच्या मुलीचं, इशिताचं लग्न, तिच्या सासरचे नागोठण्याचे, मुलगा तिथल्याच कंपनीत शिफ्टला. भात आला. तो मऊ होता, सगळा संपला.

केव्हातरी श्यामलाबाईंनी मान वर केली आणि त्यांच्या लक्षात आलं की बाहेर अंधारायला लागलंय, दिवे लागलेत, आणि शेजारच्या टेबलावर चार माणसं बसलीत. त्यांच्यापलीकडे आणखी एक कुटुंब. केव्हा आली, कुणास ठाऊक. हातात घास होता. त्या माणसांतलं कुणी इकडे बघत नव्हतं. एकजण फोनमध्ये होता, एक बाई पुस्तकातल्या किमती बोटाने दाखवून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. श्यामलाबाईंनी घास तोंडात घातला, मान कलवली, पाण्याचा घोट घेतला.

सरांनी घड्याळ बघितलं. सातला दहा कमी. त्यांचा चेहरा उतरला, ते खुर्चीत पुढे सरकले, आणि सुशील जवळ आला तसे वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हे बघा, हिला वेळ लागतो. उरलेल्या वेळाचे पूर्ण पैसे लावा हवे तर, पण..."

"सर, बसा. या टेबलाचं पुढचं बुकिंग आठचं आहे," सुशील म्हणाला. "गोड काही आणू? कस्टर्ड मऊ आहे."

"आण," श्यामलाबाई म्हणाल्या. "दोन."

सरांनी पाठ टेकली. त्यांच्या तोंडून असा काही लांब श्वास निघाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं. बघितलं ते सरांकडे.

परतीच्या वाटेवर सुलेमानभाईंनी पनवेलच्या पुढे चहाला गाडी थांबवली. "जेवण कसं होतं, सर?"

"मासा आपलाच होता," सर म्हणाले. "पेणहून मुंबईला गेलेला खाऊन आलो. पण सूट होती."

श्यामलाबाईंनी तोवर भावाला फोन लावला होता. "रविवारी येतोय आम्ही वरशाला," त्या सांगत होत्या. "रिपोर्ट चांगला आहे रे. हो, जेवायलाच. इशिताला केळवण करायचंय ना मला, ते तुझ्याच घरी करते, वालाचं बिरडं मी रांधून आणते. आणि मला पंगतीतच वाढा, आत नको. वेळ लागेल, तेवढं सगळ्यांना सांगून ठेव."

पलीकडून भाऊ काहीतरी बराच वेळ बोलत राहिला. श्यामलाबाई ऐकत होत्या, हसत होत्या आणि मधूनमधून नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होत्या. चहा बशीत ओतून त्यांनी तो भुरका मारून प्यायला. थोडा पदरावर सांडला. त्यांनी पदर झटकला आणि सुलेमानभाईंना म्हणाल्या, "आणखी एकेक सांगा हो, सगळ्यांना."