तिसरं कडवं

बालेन्दिनने बाटली डोक्याच्या वर उचलली आणि कमरेशी धरलेल्या पेल्यात चाकोलीची, घरच्या पांढऱ्या वाइनची, बारीक धार सोडली. बुडबुडे चुरचुरले. त्याने पेला बायकोपुढे केला. बिशेंताने घोट घेतला आणि नाक मुरडलं.

"तुझ्या बापाच्या चाकोलीला धार होती. हे म्हणजे लिंबू पिळलेलं पाणी!"

झालं! तीस वर्षं द्राक्षं पिकवलेल्या माणसाला आणखी काय बोलायचं राहिलं? तळघरात उतरायला म्हणून दाराजवळच्या खिळ्यावरून काढलेली मेणबत्ती त्याने तशीच खिशात कोंबली, बाटली काखेत मारली, पेला उचलला आणि वेलींच्या मांडवाखाली, समुद्राकडे तोंड करून बसला.

तळघरात नवा रस आंबत होता. या दिवसांत तिथे जड हवा साचते. तिला ना वास, ना रंग. नऊ वर्षांपूर्वी धाकटा भाऊ कोस्मे तिथे बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही. तेव्हापासून घराचा नियमच झाला: पेटती मेणबत्ती गुडघ्याशी धरून उतरायचं, विझली की मागे फिरायचं. आणि आत असेपर्यंत मोठ्याने गायचं, म्हणजे वरच्यांना कळतं, माणूस शाबूत आहे.

दुपारी हाक आली.

"बालेन्दिन! माशाचा रस्सा निवतोय!"

त्याने पाय आणखी लांब केले.

"बरं बाबा, आहे धार! आता तरी ये!"

त्याला हसू फुटलं. आणखी एकदा म्हणू दे, मग उठू. त्याने पेला भरला.

जरा वेळाने तळघराच्या दाराशी तिचा आवाज चिरकला.

"आत आहेस होय रे? मग गात का नाहीस, मेल्या? बालेन्दिन!"

लागू दे जीव टांगणीला. सकाळी जीभ चालवताना नाही सुचलं? तो बसूनच राहिला.

मग गाणं ऐकू आलं. खलाशांचं जुनं गाणं, नेहमीसारखं बेसूर, धापा टाकत म्हटलेलं. पायऱ्या उतरेल तसतसं ते दबत गेलं. आपल्यासाठी धावतेय बिचारी, या विचाराने त्याचा राग पार विरघळला. वर आली की आपणच रस्सा गरम करू, त्याने ठरवलं.

तिसऱ्या कडव्यात गाणं थांबलं.

तिथले शब्द ती नेहमीच विसरायची. बालेन्दिन हसला. पुढची ओळ त्याने स्वतःच गुणगुणली आणि तिला आठवायची वाट पाहत उरलेला घोट संपवला. मग ओठ पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने खिशात हात घातला.

हाताला मेणबत्ती लागली.