ऑरविलचं फाटक

सायकलवर शंभर मैल, सूर्य मावळायच्या आत. ट्वायलाला एवढंच हवं होतं. उजेडात पोचणाऱ्यांची नावं गावातल्या धान्याच्या कोठीवर रंगवतात. अठ्ठावन्न वर्षांच्या ट्वायलाचं नाव तीन वर्षं थोडक्यात हुकलं होतं.

मैल ७१

नवरा, मर्ल, बाटल्या भरतोय.

"यंदा वेळ आहे तुझ्या हातात."

"मग बोलत काय बसलास? चेनला तेल घाल."

मैल ७८

खडी. चढ. खडी. कुरणातलं फाटक. उतरली, ओढलं, कडी घातली, निघाली.

मैल ८१

ब्रेक.

मागचं ते फाटक मुळात उघडं होतं. खांबाला तारेनं बांधलेलं. ती तार तिनंच सोडली होती. उभ्या जन्मात गुरं राखली, उघडं फाटक मागं टाकून कधी गेली नाही. हातांनी तिला विचारलंसुद्धा नाही. पण त्या कुरणाचा मालक, म्हातारा ऑरविल, त्याची पाणी उपसणारी पवनचक्की बंद होती. त्याची गुरं त्याच फाटकातनं तळ्यावर पाण्याला जायची. आणि ऊन तर असं.

फोनला रेंज नाही. मागून येणारे फाटक सापडलं तसंच ठेवणार, कुरणातला नियमच तो. म्हणजे दिवसभर बंद.

सहा मैल जास्तीचे. अर्धा तास.

तिनं सायकल वळवली.

मैल ८०, उलटा

"बाई, शर्यत इकडं आहे," समोरून येणारा ओरडला.

"ठाऊक आहे. तू चल पुढं."

मैल ७८, पुन्हा

फाटकाशी चाळीसेक गाई, वासरं, जिभा बाहेर. तिनं फाटक उघडून तार आवळली. गाई तिच्याकडं न बघता तळ्याकडं गेल्या. तेवढ्यात ऑरविलची गाडी आली.

"तीनशे शहरी माणसं गेली इथनं," तो म्हणाला. "कुणी हात लावला नाही. लावला तो गुरं पाळणारीनं."

"हसून घे."

"गाडीत टाकून सोडू का पुढं?"

"म्हणजे बाद होऊ? गप बस, ऑरविल."

मैल ९५

सूर्य गेला. आता वाईट वाटेल, म्हणून ती वाट बघत राहिली. गवतावर तांबूस उजेड होता, उतार लागला होता, पाय मजेत फिरत होते. वाईट काही वाटेना.

मैल १००, तिचे १०६

मर्लनं सायकल धरली. "कुठं अडकलीस?"

"ऑरविलचं फाटक लावलं होतं मी. परत जाऊन उघडलं."

"उघडं बांधलेलं?"

"हं."

तो खाली बसून तिचे बूट काढायला लागला. "मीपण लावलं असतं," म्हणाला.