नवमी लागण्यापूर्वी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील एका आश्विनात, खंडेनवमीच्या दिवशी सकाळी, नाशिक शहरी गंगापूर रोडलगतच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गोविंदराव भाड्याने आणलेले ड्रिल मशीन मांडीवर घेऊन न्हाणीघरात बसले होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या मातोश्री इंदिराबाई दुसऱ्या दिवशी घरी यायच्या होत्या. दवाखान्यात परक्या हातांनी अंग पुसून घेऊन त्या विटल्या होत्या. दसऱ्याची आंघोळ आपली आपण करणार, एवढाच त्यांचा हट्ट होता. भिंतीला धरायला दांडे असल्याखेरीज त्यांना न्हाणीघरात पाऊल टाकू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

दवाखान्याच्या बाकावर रात्री काढून गोविंदरावांचे अंग आंबून गेले होते. सणामुळे मिस्त्री मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच मशीन आणले. कमोडशेजारचा दांडा कसाबसा बसला. नळाजवळचा, आंघोळीचा, तेवढा उरला असताना दारात भागीबाई उभी राहिली.

शिड्या, ड्रिल, फरशी घासायची यंत्रे भाड्याने देण्याचे दुकान तिचेच. खंडेनवमीला झाडून सारे सामान दुकानात परत यायचे, त्याला हळदीकुंकू लागायचे, आणि मग दसऱ्याचे सोने वाटून होईपर्यंत त्याला कोणी कामाला जुंपायचे नाही, हा तिचा शिरस्ता. नवमीला परत करतो, असे गोविंदराव कबूल करून आले होते.

"आज नवमी हाय, दादा. मशीन चालवताय कसं?"

ती रागावली मात्र नव्हती. राहिलेली भोके पाडून घ्या, मी इथेच टेकते, असेही तिने सांगितले. गोविंदरावांच्या पत्नी प्रतिभाताईंनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि नवऱ्याला खुणावले. परंतु 'आज नवमी' हे शब्द गोविंदरावांना दाताखाली खडा यावा तसे लागले. तीर्थोपाध्यायांच्या घरात जन्मलेल्या माणसाला तिथी कोणी शिकवावी? मशीन खाली ठेवून त्यांनी फडताळातून पंचांग काढले. अष्टमी दुपारपर्यंत आहे, नवमी त्यानंतर लागते. तेव्हा भोके पाडायची ती हक्काने, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, हे त्यांनी विस्ताराने मांडले.

भागीबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. तिथे ठळक अक्षरांत खंडेनवमी छापली होती. मग सूर्योदयाची तिथी कोणती, पूजेच्या वेळेची कोणती, छापणाऱ्यांनी काय गृहीत धरले, असे एकातून एक निघत गेले. थकलेल्या माणसाला कामापेक्षा वाद सोपा जातो. तो बसल्या जागी होतो. आधी भोके पाडा, असे प्रतिभाताई मध्येच म्हणाल्या, तेव्हा गोविंदरावांनी नुसता हात वर करून त्यांना थांबवले.

अखेर भागीबाईने पदराने तोंड पुसले.

"बरं, तुमचं खरं. सकाळधरनं अष्टमी व्हती. मग नवमी लागली कधी म्हणता?"

गोविंदरावांनी पंचांगात पाहिले, मग घड्याळाकडे. काटा नवमीच्या वेळेपुढे सरकला होता.

"लागली ना?" तिने उठून पिन काढली आणि वायर गुंडाळू लागली. "तुमच्याच शब्दानं नेते, दादा. माझं ऐकलं असतं, तर कवाच भोकं पडली असती."

मशीन क्षणभर मागता आले असते. बाईने कदाचित दिलेही असते. पण सकाळभर जे सिद्ध केले, त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे गोविंदरावांना जमले नाही.

दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंना खुर्चीत बसवून वर आणले. नळाजवळची कोरी भिंत त्यांनी दारातूनच पाहिली. प्रतिभाताईंनी झाले ते सांगितले. गोविंदराव चौकटीला टेकून उभे होते. सगळे ऐकून झाल्यावर, तिथी मात्र आपलीच बरोबर होती, एवढे ते पुटपुटले.

इंदिराबाईंनी गरम पाण्याचे पातेले आणि पंचा पलंगापाशी आणायला सांगितला. मग त्या मुलाला म्हणाल्या,

"तिथी बरोबर होती. तू चुकलास."