मास्तरांच्या छातीचं माप

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, दिवसभर नुसती धावपळ! कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. आता माझे सुरुवातीचे आकडे पुसट झाले आहेत.

माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं, हे त्यांना पक्कं माहीत. मग ते मुद्दाम विचारतात, "काय, नवी नोकरी मानवली का?" गिऱ्हाईक बोलायला लागतं, पोट जागेवर येतं आणि मास्तर खरं माप घेतात. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

मग मास्तरांची पाठ धरली. सकाळी ती लाकडासारखी ताठ असायची. जो तो म्हणे, आराम करा. आराम केला की दुखणं आणखीच वाढे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हा मणक्यांचा सुजेचा संधिवात आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला मास्तरांच्या छातीभोवती गुंडाळलं, श्वास पूर्ण सोडायला लावला, मग भरून घ्यायला लावला. मी जेमतेम हलले.

"मास्तर, गोळ्यांनी सूज उतरेल, पण या बरगड्या तुम्हालाच हलवायच्या आहेत," बाई म्हणाल्या. "नाहीतर त्या आखडतील आणि श्वास तोकडा पडेल."

मास्तर घाबरले. मोठा श्वास घेतला की बरगड्यांत कळ यायची, म्हणून ते व्यायाम टाळू लागले. बायको काजं करता करता विचारायची, "अहो, आज छाती किती फुगली?" मास्तर मला छातीभोवती धरायचे आणि अंगठ्याखालून हळूच सैल सोडायचे. "बघ, कालच्यापेक्षा जास्त!" ती बिचारी खूश. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं!

छाती एवढी वाढली म्हणून तिने हौसेने त्याच मापाचा नवा सदरा शिवला. मास्तरांनी तो घातला. सदरा अंगावर गोणीसारखा लोंबला.

तिने मला उचललं आणि त्यांच्या छातीभोवती घट्ट आवळलं.

"सोडा श्वास. आता घ्या."

"अगं, दुखतं."

"माहितीये. घ्या."

मी तसूभरही सरकले नाही. ती म्हणाली, "मला कशाला फसवता हो? सदरा मी उसवीन. तुमच्या बरगड्या कशा उसवू?"

"मला भीती वाटते गं," मास्तर म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच खरं बोलले.

तेव्हापासून मशीन मध्येच थांबतं. मास्तर उठतात, भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभे राहतात, हात वर नेत श्वास भरतात. माप तीच घेते. कधी मी थोडी सरकते, कधी मुळीच नाही. सरकले नाही की त्या दिवशी दोघांनाही जेवण गोड लागत नाही, आणि खुंटीवर माझी नुसती तगमग होते.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या दुखण्याचं माप कधी सैल धरू नका. घट्ट धरलेलं त्याला आवडणार नाही, तरी सैल धरू नका. बरं, आता मला वेळ नाही. ती आलीच. तिने मला आवळलं, मास्तरांनी श्वास सोडला. घ्या, मास्तर, आता घ्या!