क्लीनर साईड

मानसिंगला मोटारसायकल पाहिजे होती. पंचावन्नाव्या वर्षी! दारात स्वतःच्या मालकीचा सहाचाकी ट्रक उभा असताना! आता गावानं याचं काय समजावं? गावानं जे समजायचं तेच समजलं. डेअरीपुढं कॅन घेऊन बसलेली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणायची, "मानसिंगला चळ लागलाय गड्या, म्हातारचळ."

वाडी वडूज आणि विट्याच्या मधली. निम्मं शिवार साताऱ्यात, निम्मं सांगलीत. घरटी एखादा तरी माणूस गलाईला गेलेला, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्याला, कुठं कुठं परमुलखात. मानसिंगचा धाकटा भाऊ उदयसिंह असाच कोईमतूरला होता आणि तिकडं त्याचं बरं चाललं होतं. इकडं मानसिंग, त्याची बायको राहीबाई, दोन म्हशी आणि तो ट्रक. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी बेदाणा, हळद, मिळेल तो माल. तीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेला माणूस. घाटात समोरच्याचा एक दिवा बंद असला, तरी ती मोटारसायकल नव्हे, ट्रकच आहे, हे लांबूनच ओळखायचा. "नजर लागावी अशी नजर हाय," म्हणायचे लोक.

आणि त्याच माणसाचा डावा डोळा गेला होता. हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण लपवालपवीचा मला मनस्वी कंटाळा आहे. मानसिंगनं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. गेल्या हंगामात ऊस भरून निघाला होता. शाळेजवळच्या वळणावर डाव्या अंगानं सायकलवरून एक पोरगी येत होती. चांगली दिवसाढवळ्या, लाल रिबिनी बांधलेली. मानसिंगला ती दिसलीच नाही. लक्ष नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. त्या बाजूला जग आहे हेच त्याला कळलं नाही. किंकाळी ऐकून त्यानं ब्रेक दाबला. पोरगी गटारात पडली होती, गुडघे फुटले होते. दप्तर चाकाखाली. आतला जेवणाचा डबा पार चपटा झालेला. पोरगी उठली आणि रडत एवढंच म्हणाली, "काका, माजा डबा."

मानसिंगनं तिला नवा डबा आणून दिला, तिच्या बापाचे पाय धरले, आणि ट्रक दारात आणून लावला तो लावलाच. घरात म्हणाला, "इंजिन गेलं."

दुसऱ्या दिवशी एकटाच एसटीनं सांगलीला गेला. डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत बॅटऱ्या मारल्या आणि म्हणाला, काचबिंदू. गेलेली नजर काही केल्या परत यायची नाही, उजव्यातली उरलीय ती जपा, रोज थेंब सोडा. मग म्हणाला, "गाडी वगैरे चालवता का?" मानसिंग म्हणाला, "न्हाई जी." थेंबाच्या बाटल्या त्यानं गोठ्यातल्या कोनाड्यात, पेंडीच्या डब्यामागं लपवल्या. रोज सकाळी म्हशीला वैरण टाकायच्या निमित्तानं जायचा आणि वर बघून थेंब सोडायचा. म्हैस त्याच्याकडं बघत बसायची.

बरं, सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का? पण नाही. ड्रायव्हरनं डोळा गेला म्हणायचं म्हणजे आपण संपलो म्हणायचं. ते काही त्याच्या जिभेवर येईना. मग त्यानं आपल्या मनाशी एक हिशेब घातला. ट्रक विकून टाकायचा आणि एक मोटारसायकल घ्यायची. सकाळी दूध घालायचं, रस्त्याच्या कडेकडेनं, बैलाच्या चालीनं जायचं. ट्रकनं दुसऱ्याचं लेकरू जातं. मोटारसायकलवरून पडलो तर मी एकटा पडेन. एवढा साधा विचार होता त्याचा, आणि मला विचाराल तर त्यात काही वेडगळ नव्हतं.

पण मधे उदयसिंह होता ना!

उदयसिंह सोळा वर्षांचा असताना मानसिंगनंच त्याला कोईमतूरला नेऊन सोडलं होतं. तेव्हा मानसिंग दुसऱ्याच्या ट्रकवर होता. बेदाण्याचा माल घेऊन निघाला होता, शेजारी क्लीनर साईडला, म्हणजे डाव्या अंगाच्या सीटवर, धाकट्या भावाला बसवलं, आणि तीन दिवस त्याला झोपवत, उठवत, चहा पाजत घेऊन गेला. निघताना अंगातलं स्वेटर काढून दिलं. कोईमतूरला स्वेटर! तिथल्या उकाड्यात त्या स्वेटरचं काय करायचं हे पोराला कळेना, पण त्यानं ते आजवर ठेवलंय. असा भाऊ. दादासाठी जीव टाकणारा. अशा माणसापुढं नको म्हणायची सोय नसते.

"दादा, मोटारसायकल कशापायी?" उदयसिंहानं फोनवर विचारलं. "ट्रकला काय झालं?"

"इंजिन गेलंय रं. ऑइल पितंय नुसतं."

"एवढंच व्हय? मी बघतो की."

आठ दिवसांत सांगलीचा गुंडा मिस्त्री टोचन लावून ट्रक घेऊन गेला. इंजिन उघडलं, बघितलं, फार काही बिघडलं नव्हतं. तरी मालकाचा शब्द म्हणून सगळं नवं घातलं. मानसिंगनं पुढच्या फोनला सांगितलं की बॉडी कुजलीय. उदयसिंहानं बॉडी नवी बांधायला टाकली. मानसिंग म्हणाला, केबिनमधे भट्टी होते, बसवत नाही. केबिन नवी आली, पंख्यासकट. मग म्हणाला कंबर धरते. स्प्रिंगची सीट आली. शेवटी टेकीला येऊन म्हणाला चासीला चीर गेलीय. गुंडा मिस्त्री चासीखाली अर्धा दिवस झोपून राहिला, त्याला चीर काही घावली नाही, तरी त्यानं पट्टी मारून दिली.

खोटं बोलायचं तर माणसानं दुरुस्त न होणारं खोटं बोलावं. मानसिंगला तेवढी अक्कल कुठली? तो एकेक खोड काढत गेला आणि ट्रक एकेका खोडीनं नवा होत गेला. सांगलीहून फोटो यायचे. राहीबाई फोन त्याच्यापुढं धरायची आणि तो मान हलवायचा.

एकदा तो खऱ्याच्या अगदी जवळ आला. म्हणाला, "उदय, मला आरशात नीट दिसत न्हाई रं. डाव्या अंगाचं."

मानसिंगला वाटलं, आता हा विचारेल, आता मी सांगेन, सुटेन एकदाचा.

"बरं झालं बोलला," उदयसिंह म्हणाला. "जुना आरसा लय बारका हाय त्यो. डबल आरसं बसवाय सांगतो, मोठ्ठालं."

मानसिंगनं फोन ठेवला. मग पुन्हा डोकं चालवलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, माझं वय झालं, गाडीवर एखादा ड्रायव्हर ठेवू. त्यावर मात्र उदयसिंह खवळला. "दादाच्या ट्रकवर परका ड्रायव्हर? लोक म्हणतील भावानं चार पैसं मिळवलं आन् दादाला गाडीवरनं उतरवलं. ते न्हाई जमायचं. आन् तुमची मोटारसायकल बी माज्या ध्यानात हाय, काळजी करू नका."

झालं. दार बंद.

दसऱ्याला उदयसिंह आला. गलाईची माणसं सणाला येतात तेव्हा वाडीत नुसती गाड्यांची रांग लागते. आदल्या दिवशी गुंडा मिस्त्री स्वतः ट्रक घेऊन आला आणि दारात लावून मुक्कामाला राहिला. काय ट्रक दिसत होता म्हणून सांगू! निळा, कडेला पिवळी नक्षी, डाव्या अंगाला एकाखाली एक दोन चकचकीत आरसे. आणि त्याच्या शेजारी एक मोटारसायकल. काळी, कोरी, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही न काढलेली.

"दोन्ही!" उदयसिंह हसत म्हणाला. "ठरवायची भानगडच नगं. ट्रक बी, मोटारसायकल बी. आता काय तक्रार हाय का दादा?"

"न्हाई," मानसिंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सकाळी पूजा झाली. झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ. राहीबाईनं दोन्ही गाड्यांना ओवाळलं. ट्रकच्या प्रत्येक चाकापुढं एकेक लिंबू ठेवलं. वाडीची रीत अशी की नवी गाडी लिंबं चिरडून पुढं जाते ती थेट रेवणसिद्धाच्या देवळाला, आणि पहिल्या खेपेला भाडं-माल नाही, माणसं. ज्याला यायचं त्यानं चढायचं. फाळका पाडल्याबरोबर बाया, म्हातारी माणसं, पोरंटोरं अशी पन्नासेक जणं मागं चढली. त्यात ती लाल रिबिनीची पोरगीही होती. ती तर सगळ्यात पुढं, केबिनच्या जाळीला तोंड लावून उभी राहिली आणि ओरडली, "काका, चला की!"

मानसिंगनं तो आवाज ओळखला.

तो स्टेअरिंगवर बसला. किल्ली फिरवली. इंजिन काय सुरेख बोललं! समोर वाडीचा रस्ता, उजवीकडे ओढा, आणि डावीकडे काहीच नव्हतं. अंधारही नव्हता, अंधार असता तर निदान कळलं असतं. नुसतं नव्हतं. त्याच नव्हत्या बाजूला शाळेचं वळण होतं, पुढं घाट होता. आणि पाठीमागं पन्नास माणसं येळकोट केल्यासारखी ओरडत होती.

त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"आता काय झालं?" उदयसिंह पुढं आला.

"उदय, मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

म्हणाला. एवढ्या महिन्यांनी, सगळ्या वाडीसमोर, मोठ्यानं म्हणाला. आणि काय व्हावं? उदयसिंह आधी बघतच राहिला, आणि मग खो खो हसत सुटला.

"इंजिन झालं, बॉडी झाली, केबिन झाली, आता डोळं व्हय?" तो मिस्त्रीकडं वळला. "गुंडा मिस्तरी, घ्या लिवून! दादाला डोळं बी नवं बसवायचं, सांगलीला!"

गुंडा मिस्त्री हसला. मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पोरं हसली. सहा महिने खोट्यावर विश्वास ठेवलेली माणसं, आणि खरं बोलल्यावर एकानंही ठेवला नाही. मानसिंगही हसला, कारण सगळे हसत असताना तोंडाचं काय करावं हे त्याला कळेना.

"चला, बसा आता," उदयसिंहानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मुहूर्त टळतोय."

आणि मानसिंग पुन्हा चढायला लागला हो! पायरीवर पाय टाकला त्यानं. माणूस किती हतबल होतो याला काही सुमार आहे का?

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. राहीबाई क्लीनर साईडनं वर चढली. ती आजवर कधी ट्रकमधे पुढं बसली नव्हती. तिनं वाकून किल्ली काढली आणि कनवटीला लावली.

"वहिनी, किल्ली द्या," उदयसिंह अजून हसतच होता.

"न्हाई देणार."

"अवो, लोकं खोळंबल्यात."

"उतरवा सगळ्यास्नी." राहीबाई खाली आली. "भावजी, ह्यास्नी डाव्या अंगाचं कायबी दिसत न्हाई. डावीकडनं ताट वाढलं तर भाकरी शोधत बसत्यात. मी वरीसभर उजवीकडनं वाढतीया."

मानसिंग तिच्याकडं वळला. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? पेंडीच्या डब्यामागच्या बाटल्या संपत न्हाईत, त्या काय म्हस आणून ठेवती व्हय? दर महिन्याला विट्यास्नं मीच आणती."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच बोलत न्हवता. तुमच्या तोंडनं निगंल म्हून वाट बगत हुते." तिचे डोळे भरून आले. "पोरीच्या डब्यावर चाक गेलं तवाच बोलाय पायजे हुतं मी. माजंबी चुकलं."

आता कुणी हसत नव्हतं. मागून एकेक माणूस उतरायला लागलं. लाल रिबिनीच्या पोरीला तिच्या आईनं कडेवर घेऊन खाली उतरवलं, एवढी मोठी असून.

उदयसिंह त्या दोन आरशांपुढं जाऊन उभा राहिला. एका आरशावरचा झेंडूचा हार त्यानं नीट केला. मग त्याच्या तोंडून, सवयीनं, तेच निघालं जे सहा महिने निघत होतं.

"किती खर्च येईल?"

"खर्चाचं न्हाई रं ते," मानसिंग म्हणाला. "गेलेली येत न्हाई. डाक्तर म्हणला."

"कोईमतूरला लय मोठा दवाखाना हाय."

"न्हाई येत, उदय."

दारात निळा ट्रक उभा होता, काळी मोटारसायकल उभी होती, आणि चाकांपुढची लिंबं जशीच्या तशी होती. डेअरीवर ज्यांनी म्हातारचळ म्हटलं होतं ते लोक खाली मान घालून आपापल्या घराकडं निघाले.

मानसिंग ट्रकच्या पायरीवर टेकला. त्यानं समोर बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि हळूच राहीबाईला विचारलं,

"उदय गेला का गं? रागावला आसंल. एवढं सगळं केलं त्यानं."

राहीबाईनं मान हलवली. उदयसिंह कुठंच गेला नव्हता. तो मानसिंगच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा होता, आणि तोंडाला रुमाल लावून, आवाज न करता रडत होता.